सहाशे वस्तीच्या गावानं सांडपाण्याचा कोणता प्रकल्प घ्यावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: गावात साधारण ६०० माणसं. घरोघरी शौचालयं आहेत. निम्म्या घरांना सेप्टिक टँक आहे आणि बाकीच्यांचं पाणी उघड्या गटारातून थेट ओढ्यात जातं. ओढ्याच्या काठाला विहिरी आहेत. एका पुरवठादारानं दिवसाला १ लाख लिटर क्षमतेचा, ब्लोअरनं हवा सोडणारा, तयार बांधणीचा प्रकल्प सुचवला आहे. तो घ्यावा का?

आहे त्या माहितीवर माझं उत्तर 'नाही' असं आहे. तो प्रकल्प वाईट आहे म्हणून नव्हे. त्याला जे रोज लागतं ते तुमच्या गावात रोज मिळेल, असं तुमच्या पत्रात कुठेच दिसत नाही. मी तीस वर्षं हेच काम करतोय. बंद पडलेले छोटे प्रकल्प पाहायला मला बोलावलं जातं तेव्हा बहुतेक वेळा यंत्रात फारसा दोष नसतो. ब्लोअरचा पट्टा तुटलेला असतो, तो बदलायचा कुणी हे ठरलेलं नसतं आणि तेवढ्यात सहा महिने उलटून गेलेले असतात. म्हणून मी क्रम उलटा लावतो. रोज सकाळी तिथे कोण जाणार, त्याला काय येतं, वीज किती तास असते, गाळ उपसायला कोण येणार आणि तो कुठे टाकणार, हे आधी ठरवायचं. त्यात जे बसेल तेच तंत्र घ्यायचं.

त्याहीआधी एक काम आहे आणि ते न करता कुणाशीही करार करू नका. तुमचं पाणी मोजा.

१ लाख लिटरचा आकडा कुठून आला ते पुरवठादाराला विचारा. ६०० माणसं, माणशी १०० लिटर पाणी धरलं तर ६०,००० लिटर होतात. त्यातलं साधारण ८० टक्के सांडपाणी म्हणून परत येतं, म्हणजे दिवसाला ४८,००० लिटर. सुचवलेला प्रकल्प याच्या दुपटीहून मोठा आहे. मोठा घेतला तर बिघडलं कुठे, असं वाटेल. यंत्रप्रकल्पाच्या बाबतीत बरंच बिघडतं. टाकीतले जिवाणू त्या पाण्यातल्या घाणीवर जगतात. खाणं निम्मं आणि हवा पूर्ण अशी स्थिती झाली की ते उपाशी पडतात, गाळाचे घट्ट कण मोडून बारीक होतात, खाली बसत नाहीत आणि पाण्याबरोबर बाहेर वाहून जातात. विजेचं बिल मात्र पूर्ण क्षमतेचं येतं.

मोजणी अवघड नाही. गटार जिथे ओढ्याला मिळतं त्याच्या थोडं आधी, सरळ वाहणाऱ्या जागी, पत्र्याची एक आडवी फळी बसवा. तिच्या वरच्या कडेला काटकोनात इंग्रजी 'व्ही'सारखी खाच कापलेली हवी. बाजूनं आणि खालून चिखल लावून गळती बंद करा. पाणी फक्त खाचेतूनच पडलं पाहिजे. फळीच्या मागे हातभर अंतरावर पट्टी रोवा आणि खाचेच्या टोकापासून पाण्याची उंची वाचा. उंची ५ सेंटिमीटर असेल तर सेकंदाला पाऊण लिटरच्या आसपास पाणी जातं. १० सेंटिमीटर असेल तर सुमारे ४.४ लिटर. उंची दुप्पट झाली की प्रवाह साडेपाच पटीहून जास्त वाढतो, म्हणून पट्टी नीट वाचा, अर्धा सेंटिमीटरही सोडू नका.

पूर्ण २४ तास, दर अर्ध्या तासाला नोंद घ्या. सकाळी ६ ते ९ या वेळात पट्टी झपाट्यानं चढेल. छोट्या वस्तीत सगळी घरं एकाच वेळी पाणी सोडतात, त्यामुळे सकाळचा लोंढा सरासरीच्या तिप्पट-चौपट असतो. वरचा अंदाज खरा असेल तर सरासरीला पट्टीवर ४ ते ५ सेंटिमीटर दिसेल आणि सकाळच्या लोंढ्याला ७ सेंटिमीटरच्या आसपास. सगळ्यात बोलकी नोंद पहाटे ३ ची असते. त्या वेळी गाव झोपलेलं असतं, खाचेतून नुसती धार गळायला हवी. तेव्हाही ३ सेंटिमीटर पाणी वाहत असेल तर ते सांडपाणी नव्हे. कुठेतरी नळ उघडा आहे, वाहिनी फुटली आहे किंवा जमिनीतलं पाणी गटारात झिरपतंय. एका गावात पहाटेची मोजणी केल्यावर टाकीच्या ओव्हरफ्लोचं स्वच्छ पाणी रात्रभर गटारात पडत असल्याचं कळलं. तो व्हॉल्व्ह बदलला आणि प्रकल्पाचा आकार जवळपास एक तृतीयांशानं कमी झाला. पावसाळ्यात एकदा आणि कोरड्या दिवसांत एकदा, अशा दोन मोजण्या घ्या.

आता दुसरा प्रश्न. सगळं पाणी एका जागी आणायलाच हवं का? गावाच्या कडेला सुटी सुटी घरं असतील, जमीन पाणी पिणारी असेल आणि भूजल खोल असेल, तर तिथलं पाणी तिथेच जिरवणं केव्हाही बरं. खोदून आणि पाईप टाकून पाणी लांब नेण्याचा खर्च बऱ्याच गावांत शुद्धीकरणापेक्षा जास्त येतो. जमीन कशी आहे ते तपासायला शोषखड्डा जेवढा खोल करणार तेवढाच एक छोटा खड्डा घ्या, तळाला थोडी खडी टाका, रात्रभर पाणी भरून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भरून पातळी किती उतरते ते घड्याळ लावून बघा. एक सेंटिमीटर उतरायला २५ मिनिटांहून जास्त लागत असतील तर तिथे शोषखड्ड्याचा विचार सोडा, तो तुंबणार. उलट मिनिटाच्या आत उतरत असेल तर पाणी न गाळताच खाली पळतंय, आणि तुमच्याकडे विहिरी आहेत. खड्ड्याच्या तळापासून भूजलाची पावसाळ्यातली पातळी किमान दीड-दोन मीटर खाली हवी. विहीर ३० मीटरच्या आत नको. भेगाळ खडक असेल तर ३० मीटरही पुरत नाहीत, कारण भेगेतून पाणी नळातून जावं तसं जातं.

दाट वस्तीतलं पाणी गोळा करावंच लागेल. तिथे तुमच्याकडे एक चांगली गोष्ट आहे: निम्म्या घरांना टँक आहे. बाकीच्यांनाही, दोन-तीन घरांत मिळून एक, असा टँक बांधता आला तर गाळ टँकमध्येच राहतो आणि पुढे फक्त निवळलेलं पाणी वाहतं. मग १०० मिलिमीटरचा पाईप, कमी उतार, उथळ चर एवढ्यावर भागतं. ही पद्धत ऑस्ट्रेलियातल्या छोट्या गावांत १९६० च्या दशकापासून चालत आली आहे. ब्राझीलमध्ये १९८० च्या दशकात वेगळा मार्ग धरला गेला. तिथे टँक न ठेवता उथळ, बारीक गटारवाहिन्या रस्त्याच्या मधून न नेता घरांच्या अंगणातून आणि फुटपाथखालून नेल्या. दोन्हींत मुद्दा एकच आहे. मोठ्या शहराचे खोल मॅनहोल आणि जाड पाईप छोट्या गावाला लागत नाहीत. पण पहिल्या पद्धतीत टँक वेळेवर उपसले नाहीत तर गाळ बारीक पाईपमध्ये उतरतो आणि सगळी वाहिनी बसते. उपसण्याची जबाबदारी घरमालकावर सोडू नका, गावानं घ्या. दरवर्षी एक गल्ली, अशी पाळी लावा.

सेप्टिक टँकबद्दल एक गैरसमज फार जुना आहे, की तो चांगला बांधला तर कधीच उपसावा लागत नाही. फ्रान्समध्ये मूरास नावाच्या गृहस्थांनी आपल्या घरासाठी असा बंद हौद बांधला होता. बऱ्याच वर्षांनी उघडला तेव्हा त्यात घट्ट मैला फार थोडा निघाला, आणि १८८१ मध्ये त्यांनी त्याचं पेटंट घेतलं. मैला आपोआप विरतो ही समजूत तेव्हापासून घट्ट झाली. काही भाग विरतो हे खरं आहे, पण सगळा नाही. उष्ण हवेत माणशी वर्षाला ४० लिटरच्या आसपास गाळ उरतो. टँकचा एक तृतीयांश भाग गाळानं भरला की उपसायचाच. तो मोजायला लांब काठीला जुना पांढरा टॉवेल गुंडाळा, काठी तळापर्यंत सोडा, दोन-तीन मिनिटं थांबा आणि सावकाश वर काढा. टॉवेलवर काळा पट्टा जिथे संपतो तिथपर्यंत गाळ आहे. उपसताना तळाला थोडा जुना गाळ राहू द्या, त्यातले जिवाणू नव्या मैल्यावर कामाला लागतात. धुऊन लख्ख करू नका.

प्रकल्पाच्या जागी काय बांधायचं ते आता बघू. सगळ्यात आधी जाळी. गजांमधलं अंतर दोन-अडीच सेंटिमीटर आणि समोर उभं राहून दाताळ्यानं ओढता येईल असा तिरपा उतार. तिच्यामागे वाळू बसायला छोटा पाट, एका बाजूला बंद करून साफ करता येईल असा जोडीचा. मग निवळणारी मोठी टाकी. घरोघरचे टँक भरवशाचे नाहीत असं धरून मी हिशोब मांडतो. दीड दिवसाचं पाणी म्हणजे ७२ घनमीटर. दोन वर्षांचा गाळ ६०० माणसांचा ४८ घनमीटर. मिळून १२० घनमीटर, वर साय जमायला जागा वेगळी. टाकीचे दोन कप्पे करा, पहिला दोन तृतीयांश लांबीचा. मधल्या भिंतीतली वाट पाण्याच्या मध्यावर ठेवा, म्हणजे वरची साय आणि खालचा गाळ दोन्ही मागे राहतात. या साध्या टाकीतून घाणीचा ३० ते ५० टक्के भार उतरतो आणि तिला ना वीज लागते ना पंप. जवळच्या दुसऱ्या गावी असं काम झालं असेल तर तिथल्या टाकीचं झाकण उघडायला लावून आतली साय बघून या. कोरडी, भेगाळलेली, जाड साय दिसली तर समजा की तिथे उपसा होत नाही.

पुढच्या टप्प्याला तुमच्यासमोर दोन चांगले पर्याय आहेत, आणि जागा असेल तर मी तलावाच्या बाजूचा आहे.

स्थिरीकरण तलाव म्हणजे दीड मीटर खोल, पसरट, शेवाळानं हिरवा झालेला तलाव. दिवसा शेवाळ उन्हात प्राणवायू सोडतं, जिवाणू तो वापरून घाण खातात आणि त्यांच्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड शेवाळ वापरतं. जे काम ब्लोअर विजेवर करतो ते इथे ऊन करतं. आकार थंडीतल्या तापमानावर ठरतो. पाण्यातली घाण बीओडीत मोजतात, म्हणजे ती खाताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू. माणशी दिवसाला ४५ ग्रॅम बीओडी धरला तर तुमचा भार २७ किलो. टाकीत ४० टक्के उतरला की उरतात साधारण १६ किलो. सर्वांत थंड महिन्याचं सरासरी तापमान २५ अंश असेल तर हेक्टरी दिवसाला ३५० किलोपर्यंत भार चालतो, म्हणजे सुमारे ४६० चौरस मीटर तलाव पुरतो. तापमान १५ अंशांवर उतरत असेल तर जागा दुप्पट लागते. त्यापुढे एक मीटर खोलीचे, चार-चार दिवस पाणी थांबेल असे दोन छोटे तलाव, प्रत्येकी सुमारे २०० चौरस मीटरचे. बांध, वाट, टाकी धरून उबदार हवेत दीड हजार चौरस मीटर जागा हाताशी ठेवा. तळ चोपलेल्या चिकणमातीचा किंवा अस्तराचा हवा, कारण जवळ विहिरी आहेत.

दुसरा पर्याय खडीच्या वाफ्याचा. अर्धा मीटरहून थोडी जास्त जाड, धुतलेली खडी, तिच्यात पाणकणीस, नळ नावाचं उंच गवत किंवा कर्दळ. पाणी खडीच्या आतून सरकतं, वर दिसत नाही, त्यामुळे डास आणि वास जवळपास नसतो. जर्मनीत केटे झायडल यांनी १९५० च्या दशकात पाणवनस्पतींवर प्रयोग सुरू केले, त्यातून ही पद्धत पुढे आली. वनस्पतीच पाणी शुद्ध करतात असं लोक समजतात. मुख्य काम खडीवर जमलेला जिवाणूंचा बुळबुळीत थर करतो. उबदार हवेत माणशी १ ते ३ चौरस मीटर, थंड प्रदेशात ५ किंवा त्याहून जास्त जागा लागते. या वाफ्याचा शत्रू म्हणजे गाळ. निवळणारी टाकी उपसली नाही की गाळ खडीत शिरतो, तोंडाकडचा भाग तुंबतो आणि पाणी वरून वाहू लागतं. मग खडी उकरून धुण्याशिवाय इलाज नाही. मी स्वतः एक वाफा वापरात आल्यानंतर तिसऱ्या वर्षी उकरलाय. काळी, चिकट, कुजका वास मारणारी खडी फावड्यानं उचलताना कळलं की टाकीचा उपसा एकदाही झाला नव्हता. तलाव अशी चूक बराच काळ सहन करतो, वाफा करत नाही. म्हणून माझा कल तलावाकडे आहे. जागा कमी असेल किंवा घरं अगदी लगत असतील तर वाफा घ्या.

यंत्रप्रकल्पाला माझा सरसकट विरोध नाही. १९१४ मध्ये मँचेस्टरला आर्डर्न आणि लॉकेट यांनी दाखवलं की नुसती हवा सोडून जे पाणी शुद्ध व्हायला पाच आठवडे लागत होते, तेच तयार झालेला गाळ न फेकता पुन्हा पुन्हा वापरला तर काही तासांत होतं. जगातली मोठी शहरं आज याच तत्त्वावर चालतात. पण त्या गाळाला सतत हवा लागते. वीज दिवसाला सहा तास जात असेल, तर जनरेटर आणि त्याच्या डिझेलची सोय आधी करावी लागते. शिवाय जास्तीचा गाळ दर आठवड्याला काढावा लागतो आणि किती काढायचा हे कळणारा माणूस लागतो. जागा अजिबात नसेल आणि हे सगळं असेल, तर ५० हजार लिटरचा, दोन भागांत विभागलेला प्रकल्प मागा. म्हणजे एक बंद पडला तरी दुसरा चालेल.

तुमच्या विहिरींमुळे एक गोष्ट जोर देऊन सांगतो. पुरवठादाराच्या कागदावर '९९ टक्के जंतू नष्ट' असं लिहिलेलं असेल. कच्च्या सांडपाण्यात १०० मिलिलिटरमागे मलजन्य कोलिफॉर्म जिवाणू कोटीच्या घरात असतात. ९९ टक्के गेले तरी १ लाख उरतात. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकांसाठी जागतिक आरोग्य संघटनेनं १९८९ मध्ये १०० मिलिलिटरला १,००० ही मर्यादा सुचवली होती, आणि सोबत लिटरमागे जंतांचं एकाहून जास्त अंडं नसावं अशी अट. कोटीवरून हजारावर यायला ९९.९९ टक्के हवेत. शेवटचे दोन उथळ तलाव मी त्यासाठीच सांगितले. दुपारच्या उन्हात त्यांच्यातला सामू (पीएच) ९ च्या वर चढतो, ऊन आणि वेळ दोन्ही मिळून जंतू मारतात, आणि जंतांची अंडी जड असल्यानं तळाला बसतात. नुसत्या वाफ्याला हे तितकंसं जमत नाही. क्लोरीन घालू म्हणाल, तर पाणी गढूळ असेल तोवर क्लोरीन घाणीवरच खर्च होतं, आणि जंतांच्या अंड्यांना त्याचं काही होत नाही. तलावाचं पाणी झाडांना, चाऱ्याला, शिजवून खाल्ल्या जाणाऱ्या पिकांना मुळाशी द्या. पालेभाजीवर फवारू नका.

उपसलेल्या गाळासाठी जागा आराखड्यातच धरा. खाली खडी, वर वाळू असे वाफे, त्यावर वीतभर जाड गाळ, कोरड्या हवेत दोन आठवड्यांत फावड्यानं उचलण्याजोगा होतो. सुकला म्हणजे निर्धोक झाला असं नाही. जंतांची अंडी त्यात महिनोन्‌महिने जिवंत राहतात. तो वर्षभर तरी झाकून साठवा, मगच शेतात घाला.

आणि टाकीत माणूस उतरवू नका. कितीही अनुभवी असो, कितीही छोटं काम असो. मैल्यातून निघणाऱ्या हायड्रोजन सल्फाइड वायूला आधी कुजक्या अंड्यासारखा वास येतो, प्रमाण वाढलं की तो नाकाची वास घेण्याची ताकदच मारतो, म्हणून आत गेलेल्याला वाटतं की वास गेला, हवा ठीक आहे. दोन श्वासांत माणूस कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो. झाकणं एवढी जड आणि मोठी करा की पाईप आत सोडून वरूनच उपसा होईल. पायऱ्या ठेवूच नका. पायऱ्या असल्या की कुणीतरी उतरतो.

राखणदाराला रोज तासभराचं काम पुरेल. जाळी ओढणं, निघालेला कचरा पुरणं, तलावाच्या काठाचं गवत कापणं, कारण डास काठच्या गवतात वाढतात, आणि तलावाचा रंग वहीत लिहिणं. हिरवा असेल तर ठीक. गुलाबी-जांभळट किंवा काळपट झाला तर भार जास्त पडतोय, त्याच दिवशी कळवायचं. वहीला दोरी बांधून ती जाळीजवळच्या खोलीत टांगा.

पुढच्या वेळी लिहाल तेव्हा तीन गोष्टी पाठवा: २४ तासांच्या नोंदी, खड्ड्यात पाणी उतरायला लागलेला वेळ, आणि सर्वांत थंड महिन्याचं तापमान. जागेचा साधा नकाशा, त्यावर विहिरी आणि उताराची दिशा दाखवलेली, असला तर तलाव कुठे बसेल तेही सांगता येईल.